भास्करच्या कोशाची आठवी आवृत्ती

हे सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. आधीच स्पष्ट करतो — भूतखेत, संकेत असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. चिखलीच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवायचो. मशीन सांगितलं तेवढंच करतं, हेच पोरांना शिकवलं.

लॅबमधल्या बाराही मशीनवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली मी आणली. पण नाव झालं भास्करचं — आमच्या शाळेच्या क्लार्कचं. धाड गावच्या बाजारात भाजीवाल्या बायांजवळ बसून तो वऱ्हाडी शब्द टिपायचा, आणि त्या कोशाचं पॅकेज, म्हणजे मशीनवर चढवता येणारा संच, बनवून लॅबमध्ये टाकायचा. पोरं क्लार्कला 'सर' म्हणू लागली. एकदा तपासणीला साहेब आले, तेव्हा हेडमास्तरांनी भास्करच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे आमचे दुसरे कॉम्प्युटर सर." दुसरे... कित्येक दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

त्याच वर्षीच्या सुट्टीत मी अपग्रेड करायला घेतलं. नवं मराठी कीबोर्डचं पॅकेज आणि भास्करचा कोश एकत्र राहीनात. पडद्यावर प्रश्न आला — भास्करचा कोश काढून टाकू? नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' धरलं जातं, अपग्रेड थांबतं. मग पॅकेज बनवणाऱ्याला बोलावून घोळ सोडवायचा, ही आमची रीत. भास्कर शेजारच्याच ऑफिसात होता. त्याच्या घरची हार्ड डिस्क गेल्याच महिन्यात बिघडली होती, म्हणजे कोश आता फक्त लॅबमध्येच होता, हेही मला ठाऊक होतं. मी 'वाय' — म्हणजे 'हो' — दाबलं. बारा मशीनवर, बारा वेळा. मागे राहिलेल्या प्रतीही पुसल्या.

"सर, कोश दिसून नाही राह्यला," भास्कर लॅबमध्ये येऊन म्हणाला.

"अपग्रेडमध्ये उडाला."

त्याने मशीन बंद केलं. मग म्हणाला, "जाऊ द्या सर. मशीनले काय समजते!"

पुढे तो लोणारला गेला, मी रिटायर झालो. दोन वर्षांपूर्वी, भर दुपारी, घरी नवाकोरा लॅपटॉप अपग्रेड करत होतो — आणि तोच प्रश्न! भास्करचा कोश काढून टाकू? मी पुसली ती सातवी आवृत्ती होती. इथे आठवी दिसत होती. या वेळी नुसतं एंटर दाबलं. अपग्रेड थांबलं. शोधलं तर लॅपटॉपवर असं पॅकेजच नाही... नोंदींमध्येही ती ओळ नाही.

मी लगेच फोन लावला.

"बोला सर! आज कशी काय याद आली?"

"सहजच."

"सहज? तुम्ही तं कामाशिवाय कोणाले चहाले बी नाही बोलावलं कधी!" तो हसला. "बरं झालं. कोश पुन्हा लिहून राह्यलो, वहीत. आठव्या खेपेले. पोट्टे अजून शब्द आणून देतात. तुम्ही मशीनीत टाकून द्यान ना?"

आठव्या खेपेला... खरं सांगतो, अंगावर काटा येण्याआधी पोटात तीच जुनी आग उठली — अजूनही पोरं याच्याचकडे जातात! ओठांवर आलेली कबुली मी गिळली. "हो, टाकतो," एवढंच म्हणालो.

त्या दिवाळीआधी भास्कर गेला. त्याच्या बायकोने वही माझ्या हातात दिली. "सरलेच द्याजो म्हणे."

ते नाव पडद्यावर कुठून आलं, मला आजही कळलेलं नाही. वही टाइप करतोय. फोनवर म्हणायचं राहिलं ते हे — भास्कर, मशीनला समजत होतं रे. त्याने बाराही वेळा मला विचारलं होतं. तुझ्यावर जळत होतो, म्हणून 'वाय' मीच दाबलं. मला माफ कर.