पाटे नाय आले अजून

रोज सकाळी जीप सुरू करण्याआधी आमच्या संस्थेचे ड्रायव्हर मागच्या चाकाशी वाकत आणि टायर न् मडगार्डच्या मध्ये हाताची वीत धरून बघत. आधी डावीकडं, मग उजवीकडं. दोन्हीकडं वीत सारखी मावली की पत्र्यावर एक थाप. एका बाजूला अंगठा अडला, की जीपलाच म्हणत, "बसलीस गो बया! आता लंगडत चालशील."

यंत्राशी बोलणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मला जवळून पाहायला एकच मिळालं. ती संस्था आता नाही, जीपही नाही. ते कुठं असतात, मला ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मुरबाडच्या त्या संस्थेत मी बालवाड्यांची पर्यवेक्षक होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर. वडिलांनी पदवीचा कागद चौकटीत घालून बुद्धाच्या तसबिरीशेजारी लावला होता. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. जीपशी बोलणारे ते ड्रायव्हरच तिचे मेकॅनिकही. चारही चाकांनी ओढणारी ती जुनी जीप नसती तर सिद्धगडाखालच्या पाड्यांवर पोरांच्या पोषण आहाराची सुकडी पोचलीच नसती. ऑफिसात सगळे त्यांना भाऊ म्हणत. मी 'ड्रायव्हरसाहेब' म्हणायचे. भाऊ हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघाला नाही, एवढंच सांगते.

त्यांचं घर डोंगरपायथ्याच्या शेतकऱ्यांत, आमचं बौद्धवाडीत. पुढचं तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हसा गावच्या जत्रेत त्यांना आपल्या वडिलांसाठी बैल घ्यायचा होता. आम्ही बालवाडीच्या बाया सोबत होतो. लोक बैलाचे दात बघतात. यांनी पाठीवर दोन्ही हातांनी भार दिला आणि पाठ कशी वर येते ते बघत राहिले. विकणारा म्हातारा वैतागला.

"ए बाबा, बैल घेतोस का जीप?"

"दोनी एकदा बसले का उठत नाय, काका. आधीच बघावा."

आम्ही हसून हसून बेजार. ते जरा रागावले. "हसा तुमी. पन जनावर चांगला हाय."

जत्रेनंतर महिन्याभरात मला नाशिकला सरकारी नोकरी लागली. ट्रंक, वळकटी, पुस्तकांची खोकी घेऊन जीपनं आटगाव, तिथून लोकलनं कसारा, पुढं नाशिक, असं ठरलं. आणि त्याच आठवड्यात जीपचा मागचा पाटा तुटला. पाटा म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या; गाडीचा सगळा भार त्यांच्यावर. डावीकडची मुख्य पट्टीच गेली होती.

"कल्यानवरनं जोडी मागवलीय," ते म्हणाले. "एक बाजू नवी, एक जुनी, असा चालत नाय."

जीप ऑफिसमागं लाकडी ओंडक्यांवर चढली. रोज सकाळी मी विचारायचे, "पाटे?"

"नाय आले अजून."

"येतील."

एसटीनं जाता आलं असतं. कोणी सुचवलं नाही, मीही काढलं नाही.

एक दिवस कोठीत खडूंचा खोका शोधताना रिकामं पोतं सरकलं. मागं नवेकोरे पाटे होते. दोन. काळ्या रंगाचा वास अजून ताजा. मी पोतं होतं तसं ओढून ठेवलं आणि बाहेर आले. ते फडक्याला हात पुसत उभे होते.

"पाटे?" मी विचारलं.

"नाय आले अजून." नजर जमिनीकडं.

"बरं."

दुसऱ्या दिवशी एका पाड्यावरची बालवाडीची बाई डोंगर उतरून चालत आली. धापा टाकत म्हणाली, "भाऊ, सुकडी कवाच संपली. पोरा रिकामे डबे वाजवीत बसतात. जीप कवा येनार?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं. मग म्हणाले, "उद्या सकाळी." कोठीत जाऊन सगळ्यांसमोर पाटे खांद्यावर टाकून आणले.

दुपारभर ते जीपखाली होते. जुने पाटे सोडवले, नवे चढवले, ओंडके काढले. मग खालूनच आवाज आला, "मॅडम, मागं बसा जरा. भार आल्याबिगर शेवटचा नट आवळायचा नाय."

मी जाऊन बसले. ते खाली, मी वर, मध्ये जीपचा पत्रा.

"नाशिकला थंडी लई, म्हनतात."

"असते."

"स्वेटर हाय ना?"

"आहे."

पाना थांबला.

"झालं का, ड्रायव्हरसाहेब?"

"झाला कवाच. बसा."

मी बसले.

सुकडी पोचवून आल्यावर त्यांनी मला आटगावला सोडलं. ट्रंक, वळकटी, खोकी स्वतः फलाटावर आणून ठेवली. "येतो, मॅडम," म्हणाले.

लोकल यायला अवकाश होता. फलाटाच्या टोकावरून रस्त्याकडची जीप दिसत होती. मला वाटलं, निघतील. पण ते रस्त्याकडेचे दगड उचलत होते. नवे पाटे कडक असतात; मागं वजन नसलं की गाडी खड्ड्याखड्ड्याला उडते. एकेक दगड दोन्ही हातांनी उचलून ते माझी ट्रंक होती त्या जागी नीट रचत होते. लोकल आली, मी चढले, तरी ते दगड आणतच होते.