फक्त आईसाठी

घशाच्या कर्करोगात बाबांची स्वरपेटी काढावी लागली. बिर्ला नगरच्या कापड गिरणीत मागांच्या खडखडाटावर ओरडून बोलायची सवय लागलेला माणूस. गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी ते चहा मागायचे ते शेजाऱ्यांनाही कळायचं. ऑपरेशननंतर घर एकदम गप्प झालं.

जावामध्ये प्रोग्रॅम लिहिणं हे माझं रोजचं काम. व्हॉट्सअॅपची बारीक अक्षरं बाबांना झेपेनात, म्हणून मी त्यांच्या टॅबवर मोठ्या अक्षरांचं एक पान करून दिलं. आत वेबसॉकेट, म्हणजे सर्व्हर आणि फोन यांच्यातली सतत उघडी राहणारी वाट. त्यांनी लिहिलं की आमच्या फोनवर लगेच दिसायचं. सुरुवातीला सगळंच सगळ्यांना जायचं. पाणी, उशी, पंखा कमी कर. त्यात लपवण्यासारखं काय होतं?

एका सकाळी आला निरोप: "मला आता अस्पताल नको. मुलांना तूच समजाव."

तो आईला होता. पोचला मला आणि इंदूरला दादालाही. दादाचा फोन आला, तो रडत होता, भांडतही होता. बाबांनी मला जवळ बोलावून टॅबवर लिहिलं, "हे फक्त तिच्यासाठी होतं."

त्याच दिवशी मी कोड बदलला. पान उघडताना प्रत्येकाची ओळख घ्यायची, कुठलं कनेक्शन कोणाचं हे सर्व्हरने लक्षात ठेवायचं, आणि बाबा ज्याचं नाव निवडतील त्या एकालाच निरोप द्यायचा. बाबांनी विचारलं, "कुठे जमा तर नाही राहत?"

"नाही बाबा. ज्याला पाठवाल त्याच्या फोनवर, बाकी कुठेच नाही."

मग आईचा फोन स्वयंपाकघरात वाजू लागला. ती कणकेचे हात पुसून वाचायची, कधी "काहीही हं तुमचं!" असं मोठ्याने म्हणायची आणि आत जायची. काय लिहिलं होतं ते मी विचारलं नाही.

ज्या दुपारी बाबा गेले, त्या दुपारी आई पाटणकर बाजारात त्यांची दवाई आणायला गेली होती. मी त्यांच्याजवळ होते. चमच्याने पाणी पाजलं. दुसरा चमचा त्यांनी हाताने बाजूला सारला, टॅब मागितला, आणि सावकाश काहीतरी लिहिलं. मी खिडकीकडे बघत राहिले. आई परत येईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर आईने फोन माझ्यापुढे धरला. "त्या दिवशीचं काहीच नाही यात. लिहिलं नव्हतं का त्यांनी?"

मी टॅबवर आणि सर्व्हरवर पाहिलं. निरोप निघाल्याची नोंद होती, मजकूर नव्हता. त्या दुपारी आईचा फोन पर्समध्ये बंद पडला होता, वाट तुटलेली होती, आणि जमा कुठेच करायचं नव्हतं.

"लिहिलं होतं, आई. तुलाच. पण तुझ्यापर्यंत आलं नाही."

ती खाटेवर बसली. "पाणीच मागितलं असेल गं. तहानलेले गेले." आणि इतके दिवस न रडलेली आई तोंडाला पदर लावून रडायला लागली.

"पाणी नव्हतं, आई. मी तेव्हाच पाजलं होतं, त्यांनी चमचा बाजूला केला होता. खरंच सांगते."

ती हळूहळू शांत झाली. डोळे पुसले. फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"पाणी नव्हतं," ती म्हणाली. "मग काय असेल?"

मी तिच्याशेजारी बसून राहिले.