सत्त्याऐंशीचं घर

कंट्रोलर काकांच्या हातात कुठल्याही देशाची सापशिडी द्या, ते आधी चित्रं बघायचे नाहीत. डोळे मिटून पट उलगडायचे, वरून दुसऱ्या ओळीत डावीकडून सातव्या घरावर तर्जनी टेकवायचे आणि मगच डोळे उघडायचे. ते सत्त्याऐंशीचं घर. तिथं साप आहे, शिडी आहे की नुसता आकडा आहे, एवढं बघून झालं की मग पट कुठला, किती जुना, कागद कसला ही चौकशी सुरू व्हायची.

काका एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. संगमनेरच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात हयात गेली, त्यामुळे घरातही त्यांचा आवाज माईकवरचाच. काकूंनी चहा आणला की "चहा लागलेला हाय, बसून घ्या" असं म्हणायचे. मूळ गाव पाथर्डीकडचं. चाळीस वर्षं संगमनेरात काढूनही त्यांची बोली काही प्रवरेच्या पाण्यात विरघळली नव्हती.

मी इथल्याच एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. एका रविवारी सकाळी हे उंच, शेलाटे गृहस्थ माझ्या दारात उभे राहिले आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणाले, "म्याडम, तुमचे भाऊ जर्मनीत हायेत म्हनं. येताना तिकडची सापशिडी आनतील का?" मला वाटलं नातवासाठी हवी असेल. तसं विचारलं तर म्हणाले, "न्हाई, मूलबाळच झालं न्हाई आमाला. घरात मी, आमची मंडळी आन माझी बहीन." पुढे काकूंची ओळख झाली; बहीण काही दिसली नाही. गावी गेली असेल, असं समजून मी विचारलं नाही.

गावातल्या कुठल्या घरातलं पोरगं कुठल्या देशात आहे, हे काकांना पासपोर्ट ऑफिसपेक्षा जास्त ठाऊक असायचं. त्या पोरांनी आणलेले पट दोन लोखंडी कपाटांत उभे लावलेले. इंग्लंडचा एक, ज्यात सापांना पापांची आणि शिड्यांना पुण्यांची चित्रं. अमेरिकेतला एक, ज्यात साप नाहीतच, घसरगुंड्या आहेत. पण सत्त्याऐंशीवरची घसरगुंडी सगळ्यांत लांब, थेट चोवीसवर नेणारी. केनियाचा कापडावर छापलेला, थायलंडचा लाकडी, आणि कुठल्याशा बेटावरचा एक, ज्यात सापांऐवजी ईल मासे. प्रत्येक पटाच्या पाठीला पेन्सिलीनं देशाचं नाव आणि त्याखाली एकच ओळ: "८७ वर शिडी." "८७ वर काही नाही." "८७ वर साप, तोंड मिटलेलं."

एकदा एका इंजिनिअर मुलानं मोठ्या हौसेनं बहात्तर घरांचा जुन्या धर्तीचा पट आणून दिला. दुसरा कुणी संग्राहक असता तर नाचला असता. काकांनी डोळे मिटून बोट ठेवायला जागा शोधली, ती सापडली नाही, आणि पट परत केला. "ह्यात ते घरच न्हाई बाबा. ही पळवाट झाली," म्हणाले. मुलगा बिचारा हिरमुसून गेला. मला तेव्हा काकांचा रागच आला होता.

"परदेशातलेच पट का जमवता?" असं मी एकदा विचारलं. काका कपाटाचं दार लावत होते. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपल्याकडचे पट तिला वळखतात, म्याडम. तिकडचा एखादा तरी वळखत नसंल." कुणाला, ते विचारेपर्यंत ते दुसऱ्या कपाटाकडे वळले होते.

नवा पट आला की तो एकदा तरी खेळायचा, असा त्यांचा शिरस्ता. वेळ दुपारची, जेवणानंतरची. खेळायला तिघं लागत. काका, जो कुणी पाहुणा असेल तो, आणि तिसरी सोंगटी एका चिंचोक्याची, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. चिंचोक्याची पाळी आली की काका फासा पितळी वाटीत टाकायचे आणि वाटी पटावर उपडी घालायचे. मग हात मांडीवर घेऊन गप्प बसायचे. थोड्या वेळानं हळू आवाजात विचारायचे, "झालं का, अक्का?" आणि वाटी उचलायचे. फासा लाकडाचा, ठिपके कोरलेले. सगळ्या देशांना तोच.

पहिल्यांदा मला हसू आवरेना. म्हातारपणी माणसाला काहीतरी खूळ लागतं, तसं हे, असं वाटलं. मग एकदा जपानच्या पटावर खेळताना मी वाटी उचलायला हात पुढे केला तर काका म्हणाले, "थांबा. अजून न्हाई." बाहेर रस्ता सामसूम, पंखा बंद, कारण वीज गेलेली. आणि त्या वाटीखाली काहीतरी एकदा टक् करून वाजलं. फासा लवंडल्यावर वाजतो तसं. "आता उचला," काका म्हणाले. मी उचलली.

काकू या खेळाच्या खोलीत कधी पाऊल टाकायच्या नाहीत. पट निघाला की रेडिओ घेऊन स्वयंपाकघरात जायच्या आणि आवाज मोठा करायच्या. मी एकदा आत जाऊन विचारलं तर म्हणाल्या, "लगीन होऊन आले तवापासून तिघं ऱ्हातो आमी. मी नणंदेच्या वाटंला जात न्हाई. तीबी माझ्या वाटंला येत न्हाई. बरं चाललंय." आणि तांदूळ निवडू लागल्या.

मी संख्याशास्त्राची बाई. घाबरण्यापेक्षा मोजणं मला सोपं जातं. माझ्या ध्यानात आलं ते असं की चिंचोका प्रत्येक पटावर, न चुकता, सत्त्याऐंशीवर येऊन थांबायचा. तिथं पोचला की काका म्हणायचे, "झालं. मिटवा." मग आमच्या सोंगट्या कुठंही असोत, डाव संपायचा. एका फाशानं खेळताना सोंगटी कुठल्याही एका ठरावीक घरावर थांबण्याची शक्यता साधारण सातांत दोन. त्यातून पुढे उडवणाऱ्या शिड्या वेगळ्या. मी त्यांच्याबरोबर एकवीस डाव खेळले. एकवीसही वेळा ती सत्त्याऐंशीवर थांबली, आणि पलीकडे नेणारी शिडी तिला एकदाही लागली नाही. याची शक्यता किती, ते मी एका दुपारी वहीत काढलं आणि ते पान फाडून टाकलं.

त्यानंतरच मी काकांना सरळ विचारलं. बोटांनी चिंचोका फिरवत त्यांनी एकदाचं सांगितलं.

"मी आठ वर्सांचा, अक्का बारा-तेराची. दसरा झाला की आमची मानसं ऊस तोडाया जायची. त्या साली अक्काला बी न्यायचं ठरलं, मला चुलतीपाशी ठिवून. पाथर्डीच्या बाजारातनं आनलेला कागदाचा पट हुता. सकाळी खेळत बसलो आन मुकादमाचा ट्रक आला. अक्का चौऱ्याऐंशीवर हुती. उठता उठता तिनं फासा टाकला, चार पडले. अठ्ठ्याऐंशीवर चिंचोका ठिवला आन म्हनली, 'हलवू नको रं, आल्यावर फुडं खेळू.' सत्त्याऐंशीवर साप हुता, लई लांब. तिनं तो वलांडला हुता, म्याडम. ट्रक वळला तशी मी सोंगटी एक घर मागं घेतली. जिंकायचं हुतं मला, दुसरं काय."

पुढचं त्यांनी सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं. पण त्यांनी सांगितलं. माघात निरोप आला. उसाच्या फडात पाचट गोळा करताना अक्काला साप चावला होता.

"काका, उसात साप निघतातच," मी म्हटलं. माझं मलाच ते फार कोरडं वाटलं. "हो, हे मला किती जनांनी सांगितलं," ते म्हणाले. "पन बाकी कुनाचा चिंचोका कुनी मागं सरकवला नव्हता. एकदा तिनं ते घर वलांडलेलं मला बघायचंय. माझ्या हातानं न्हाई, तिच्या हातानं. मग मी सुटलो." त्यांच्या आवाजात कुठंही रडू नव्हतं. पाच नंबरला लागलेली गाडी पाच मिनिटं उशिरा सुटेल, असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं. मला मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही.

गेल्या वर्षी काकांची नजर गेली. साखरेनं आधी एक डोळा नेला, मग दुसरा. तरीही पट येत होतेच. त्यांच्या बोटाला त्या घराची जागा पाठ होती. तिथं काय आहे ते मी सांगायची आणि पाठीवर लिहायचीही. आधीच बारीक असलेला माणूस आणखी बारीक होत चालला होता. माझी भाची नॉर्वेहून आली तेव्हा तिनं एक पट आणला. फार देखणा, निळसर, आणि त्यातले साप झोपलेले. सत्त्याऐंशीवरचा साप चोवीसपर्यंत अंग टाकून पसरलेला. मी ते सांगितलं तेव्हा काका नुसतं "झोपलाय व्हय?" म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मी मान फिरवली. ते बघू शकत नाहीत, हे माझ्या लक्षातही राहिलं नाही.

आम्ही खेळायला बसलो. अक्काचा चिंचोका भराभर चढला आणि त्र्याऐंशीवर आला. काकांनी चाचपडत वाटी उपडी घातली. त्या दिवशी ते फार वेळ थांबले. वाटीखाली टक् झालं, मग परत एकदा झालं. "झालं का, अक्का?" त्यांनी विचारलं आणि वाटी उचलली.

चार पडले होते.

"किती?" काकांनी विचारलं.

"पाच," मी म्हटलं.

मी आयुष्यात विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेत अर्धा गुण इकडचा तिकडे केलेला नाही. पण त्या माणसाची मान, ती पुढे झुकलेली, आकडा ऐकायला थांबलेली, बघून माझ्या तोंडून निघून गेलं. मी चिंचोका अठ्ठ्याऐंशीवर ठेवला. काकांनी हात पुढे केला. फासा उचलला नाही, नुसता अंगठा त्याच्या वरच्या बाजूवर टेकवला. कोरलेले ठिपके कुणाच्याही बोटाला कळतील असे होते. अंगठा तिथं थांबला, एकदा फिरला, परत थांबला. मला वाटलं, आता हे म्हणतील, मिटवा.

"पाच," काका म्हणाले. आणि रडायला लागले.

रडणं ऐकून काकू पहिल्यांदाच त्या खोलीत आल्या. पटाकडे बघितलं, मग नवऱ्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळानं काका म्हणाले, "पट मिटू नका. उठून गेलेल्याचा डाव मोडत नसत्यात. ऱ्हाऊ द्या तसाच." त्या डावानंतर बाराव्या दिवशी काका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकू सांगत होत्या, त्या बारा रात्री ते घोरत झोपले, तरणेपणी झोपायचे तसे.

दिवस-कार्य झाल्यावर काकू माझ्याकडे आल्या. हातात पाट, पाटावर तो पट, उघडा. दोन गल्ल्या ओलांडून त्यांनी तो आडवाच धरून आणला होता. "सोंगटी हलली न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "ते होते तवर ठीक हुतं. आता घरात दोघीच ऱ्हायला मला जमायचं न्हाई." कपाटं त्यांनी एका शाळेला दिली. हा एक पट माझ्याकडे राहिला, अभ्यासाच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर.

मला काकांची फार आठवण येते. इतका प्रामाणिक माणूस शेवटी माझ्या खोट्याला हो म्हणाला, ते स्वतःसाठी की माझं मन राखायला, हे मला अजून कळलेलं नाही. पण अक्काला ते खोटं चाललं नसावं. पट आणल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात चिंचोका सत्त्याऐंशीवर दिसला. कामवाल्या बाईंना विचारलं. "मी वर हातच लावत न्हाई म्याडम, माझा हातच पुरत न्हाई तितं," त्या म्हणाल्या. मी तो पुढे ठेवला. चार दिवसांनी परत मागे. फाशानं जिथं सांगितलं तिथं ती पोर जाऊन बसते, आणि तिथं साप आहे. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू, पण भीतीपेक्षा तिची कीव जास्त येते. बाईंना विचारणं मी सोडून दिलंय. सकाळी साडी नेसून झाली की स्टुलावर चढते, चिंचोका एक घर पुढे ठेवते आणि कॉलेजला जाते.