चंद्र उगवला का?

आज संकष्टी. खिचडीसाठी शेंगदाणे भाजले आणि वासासरशी ऑकलंडच्या हॉस्पिटलमधली ती दुपार आठवली. स्वादुपिंडातली गाठ जादा इन्सुलिन सोडतेय का, हे बघायला डॉक्टरांनी माझ्या बायकोला, नीताला, उपाशी ठेवलं होतं.

“खिचडीसुद्धा नाही? हा कसला उपवास!” ती हसली होती.

दुसऱ्या दिवशी साखर एकदम उतरली. घामाने भिजलेली नीता लेकीकडे अनोळखी नजरेने बघत म्हणाली, “चंद्र उगवला का हो?”

बाहेर लख्ख ऊन होतं. नर्स ग्लुकोज देत होती. कायम इंग्रजीत उत्तर देणारी सई म्हणाली, “उगवला, आई. जेव आता.”

निदान झालं, ऑपरेशन झालं. पण गाठ यकृतात पसरली होती.

आता नीताची संकष्टी मी करतो. इथे ऑकलंडमध्येच, पापाकुरा उपनगरात राहणाऱ्या सईचा फोन येतो. “चंद्र उगवला, बाबा,” एवढंच ती मराठीत म्हणते. मग मी एकटा पानावर बसतो.