हातावेगळं काम

उल्हास पेंडसे दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि तीनच आठवड्यांत त्यांनी घरी नवी फाइल उघडली. विषय : कोणता व्यवसाय सुरू करावा. मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीखालचा गाळा रिकामा होता. मुलगा जयदीप आइस्क्रीमच्या एजन्सीसाठी मागे लागला होता. रविवारी करारावर सही व्हायची होती. उल्हासरावांनी आइस्क्रीम, झेरॉक्स आणि दिवाळीचा फराळ, तिन्हींचे फायदे-तोटे नेटक्या अक्षरात मांडले, शेवटी ‘निर्णयार्थ सादर’ लिहिलं आणि फाइल बायकोपुढे ठेवली.

वासंतीबाई मटार सोलत होत्या. वाचून म्हणाल्या, “अहो, मी काय तुमची जॉइंट सेक्रेटरी आहे? यात तुम्हाला काय हवंय ते कुठे लिहिलंय?”

कुठेच नव्हतं. छत्तीस वर्षांत ते कुणी विचारलंही नव्हतं.

शनिवारी दुपारी शेजारची अबोली धावत आली. “काका, बॅगेची चेन गेली यार! पाचची गाडी आहे.”

उल्हासरावांनी पक्कड घेतली, माळ्यावरच्या जुन्या बॅगेच्या चेनचा सरकता रनर काढून तिच्या चेनमध्ये ओवला, हलकेच दाबला. दातात दात बसत गेले. अबोली बॅग ओढत लिफ्टकडे पळाली.

ते बराच वेळ दारातच उभे राहिले. बॅग आली, नीट झाली, गेली. जन्मभर त्यांच्या टेबलावरून कागद वर गेले. पुढे त्यांचं काय झालं, कधी कळलं नाही. विहिरीत दगड टाकत राहावं आणि पाण्याचा आवाजच येऊ नये, तसं.

रविवारी करार पुढ्यात आला, तेव्हा ते म्हणाले, “जयदीप, मी बॅगा दुरुस्त करणार.”

“बाबा, मजाक नका करू! मंत्रालयातला माणूस चेनी बसवणार? लोक काय म्हणतील?”

“लोकांच्याही चेनी तुटतात,” वासंतीबाई म्हणाल्या. “आणि तुला एवढंच आइस्क्रीम विकायचंय, तर सोड नोकरी, बस गाळ्यात.”

जयदीप चडफडला, मग त्यालाच हसू फुटलं. करार घडी होऊन त्याच्या खिशात गेला.

सोमवारी करोल बागेतल्या घाऊक दुकानदारानं काउंटरवर रनरचे ढीग ओतले. “कौन सा दूँ, बाबूजी?”

उल्हासरावांनी चष्मा पुसला, स्टूल जवळ ओढलं आणि एकेक रनर बोटांत धरून, स्वतःच निवडायला सुरुवात केली.