ट्रम्पेटवाल्याच्या हिरड्या

बँडमधले सगळे त्याला भोंगा म्हणायचे. तेवीस वर्षं तो ट्रम्पेट वाजवत होता. लग्न असो, उद्घाटन असो, नाहीतर प्रेतयात्रा, पहिला सूर त्याचाच. दातांचं तर त्याला भारी कौतुक. दिवसातून दोनदा इतक्या जोरात ब्रश करायचा, की बायको म्हणायची, "अहो, दात घासताय की पातेलं?"

थुंकीत रक्त दिसायचं. "ब्रश कडक आहे," असं म्हणून तो नळ सोडायचा. पुढे बायको झोपताना पाठ वळवू लागली. त्याला वाटलं, रुसली असेल. तोंडाला वास येतो हे तिच्या जिभेवर येऊन परत जायचं, आणि विचारायचं त्यालाही कधी सुचलं नाही.

मग ती प्रेतयात्रा झाली. वरचा सूर घ्यायला त्याने माउथपीस ओठांवर दाबलं आणि पुढचा दात आत कलंडला. सूर फाटला. मेलेल्या माणसाच्या मुलीने रडता रडता वळून बघितलं. भोंग्याच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. शेजारी त्याचा धाकटा भाऊ क्लॅरिनेट वाजवत होता. त्याने ती चाल कशीबशी शेवटापर्यंत नेली.

दातांच्या डॉक्टरबाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "कीड एकाही दाताला नाही. पण दात ज्या हाडात उभे आहेत, ते हाडच झिजलंय."

"मी दोन वेळा ब्रश करतो, बाई."

"ब्रश पुढून-मागून फिरतो. दोन दातांच्या मधे तो शिरत नाही. तिथे घाण साचून तिचं कीटण होतं, हिरडी सुजते आणि हाड आतल्या आत खचत जातं. फारसं दुखत नाही, म्हणून कळत नाही. रक्त कधीपासून येतंय?"

"सात-आठ वर्षं झाली."

सहा दात काढावे लागले, पुढचे वरचे चार आणि खालचे दोन. कवळी बसवली, पण ट्रम्पेट टेकवला की ती सरकायची आणि सुराऐवजी नुसती हवा निघायची. बँडमास्तरने त्याच्या गळ्यात मोठा ढोल अडकवला.

उरलेल्या दातांच्या फटी साफ करायला बाईंनी फ्लॉसच्या दोऱ्याची डबी दिली, तेव्हा तो चिडलाच. "आता कशाला?"

"हेही घालवायचेत का?" बाईंनी विचारलं.

एकदा तालमीनंतर धाकट्याने नळावर चूळ भरली. पाणी गुलाबी पडलं. भोंग्याचा चेहरा उतरला. त्याने भावाला ओढतच घरी आणून आरशासमोर उभं केलं.

"दादा, काय हे! मी काय लहान आहे?"

"गप. हातभर दोरा घे. दोन्ही हातांच्या मधल्या बोटांना गुंडाळ, मधे दोन बोटांएवढाच ठेव. आता अंगठा आणि पहिल्या बोटात ताणून धर आणि हळूहळू पुढे-मागे करत फटीत उतरव. खाडकन दाबू नकोस, हिरडी कापशील."

"उतरला."

"आता एका दाताला मिठी मार. दोरा वाकवून त्याला लपेट, हिरडीच्या कडेखाली जाईल तिथपर्यंत हलकेच ने आणि वर-खाली घास. मग शेजारच्या दाताला तसंच. पुढच्या फटीत दोऱ्याचा नवा भाग. शेवटच्या दाढेची मागची बाजू विसरायची नाही. रोज झोपण्याआधी करायचं."

"रक्त येतंय, दादा. सोडू का?"

"सोडायचं नाही! सुजलीय म्हणून येतंय. आठवडाभरात थांबायला हवं. नाही थांबलं, तर बाईंकडे जायचं. मी गेलो नाही."

धाकट्याने आरशात भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि पुढची फट धरली.

नवव्या दिवशी रक्त थांबलं. बाईंनी त्याचं कीटण काढलं. हाड शाबूत होतं.

पावसाळ्यानंतर बँडमध्ये नवा ट्रम्पेटवाला आला, तिशीतला, चांगल्या दमाचा. ट्रम्पेट बँडच्या मालकीचा होता. भोंग्याने माउथपीस धुतलं, पुसलं आणि वाद्य त्याच्या हातात दिलं.

"तोंड उघड," तो म्हणाला.

नवा हसला. बाकीचेही हसले. धाकटा तेवढा हसला नाही.

"हसू नकोस. उघड."

नव्या ट्रम्पेटवाल्याने मान फिरवली आणि सूर लावून बघायला सुरुवात केली. सूर स्वच्छ लागला. भोंगा थोडा वेळ ऐकत उभा राहिला, मग ढोल गळ्यात घालून शेवटच्या रांगेत गेला.