अण्णांच्या कॉलरमधला उंदीर

आमच्या घरात उंदीर शिरला आणि अण्णांच्या कानाला नवीन मशीन बसलं, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. त्यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे मला सुचलं नाही. (घरात सगळ्यात जास्त शिकलेला मीच!)

रविवारी सकाळी चहा पिताना अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, खुर्चीजवळून आवाज आला, "चींऽऽ!" मी झाडू घेऊन खुर्चीखाली शिरलो.

"काय शोधतोस?"

"उंदीर!"

"सुंदर? कोण सुंदर?"

"अण्णा, मशीन लावलंय ना?" माझी बायको सुषमा ओरडली.

"लावलंय की! जरा ढिलं बसतं, एवढंच."

मी आचोळे नाक्यावरून उंदीर धरायचा चिकट पुठ्ठा आणला. शेजारच्या ग्रेसीआंटींनी त्यावर ठेवायला अर्नाळ्याचा सुका बोंबील दिला आणि वर आपला बोकाही दिला. "राहू दे याला. आमच्या वाडीत याने एक उंदीर ठेवला नाय!"

पुठ्ठा खुर्चीखाली सरकवला, तर अण्णा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि उंदीर तिकडे ओरडला! मी पुठ्ठा घेऊन तिकडे धावलो. अण्णा दाढी करायला बेसिनपाशी, तर उंदीरही बेसिनपाशी! अण्णा देवापुढे बसले, तर उंदीर आरतीला हजर!

"एक नाही, चार आहेत," मी निष्कर्ष काढला.

"चार कुठले? अण्णा जातात तिथेच ओरडतो." सुषमा दोन पावलं मागे सरकली. "अहो... तो अण्णांच्या अंगावर तर नाही ना?"

आम्ही दोघांनी अण्णांच्या सदऱ्याकडे पाहिलं. अण्णांनी मान वळवली. कॉलरपाशी "चींऽऽ!" बोक्याने कान टवकारले.

"अण्णा, हलू नका!" मी पुठ्ठा खाली ठेवला आणि टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला.

"अरे मेल्या, अजून जिवंत आहे मी!" टॉवेलच्या आतून अण्णा गरजले.

झटापटीत टॉवेलमधून काहीतरी करडं, इवलंसं फरशीवर पडलं. मी चप्पल हाणली. बरोबर मधोमध! (आयुष्यातला माझा एकमेव अचूक नेम.) आनंदाने मागे उडी मारली ती थेट पुठ्ठ्यावर! पाय चिकटला, मी आडवा झालो आणि बोंबलाच्या वासाने बोका माझ्या अंगठ्याला भिडला.

"मेला का?" सुषमाने पलंगावर चढून विचारलं.

"मेला!" मी कण्हत म्हणालो.

अण्णांनी एक कान चाचपला. मग दुसरा चाचपला. मग वाकून चप्पल उचलली आणि खाली पाहिलं.

"हे माझं मशीन आहे," ते म्हणाले.

खोबरेल चोळून चोळून पाय सुटला. दुसऱ्या दिवशी अण्णांना घेऊन मशीनच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीने पुडीतले तुकडे पाहिले, माझी सगळी हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला.

"मशीन ढिलं बसलं की शिट्टी वाजते, हे मी तुम्हाला मशीन नेलंत त्याच दिवशी दोनदा सांगितलं होतं."

"मला?" मी विचारलं.

तिने तपासणीची खुर्ची पुढे ओढली. अण्णा बसायला गेले, तर तिने त्यांना हाताने थांबवलं.

"तुम्ही नाही, काका. आधी यांना बसू द्या."